साहित्याच्या वर्गात चित्रपट

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरून निघालेला चित्रपट पाहून प्रेक्षक बाहेर पडू लागले, की त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास कानी पडते: पुस्तकाची सर याला नाही. हे वाक्य बहुधा प्रामाणिकपणे उच्चारलेले असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु त्याने चर्चा पुढे जात नाही, तेथेच संपते. पुस्तकातले काय पडद्यावर आले नाही, ते का आले नाही, येणे शक्य होते काय, आणि पुस्तकात नसलेले असे काही चित्रपटात अवतरले काय, हे प्रश्न त्या वाक्याखाली दडपून जातात. साहित्य आणि चित्रपट यांचा विद्यापीठात एकत्र अभ्यास करावयाचा असेल, तर त्याची सुरुवात नेमकी या दडपलेल्या प्रश्नांपासून करावी लागेल.

भारतातले लेखक चित्रपटसृष्टीत फार लवकर शिरले. प्रेमचंद १९३४ मध्ये मुंबईस आले आणि एका चित्रसंस्थेत पटकथालेखक म्हणून राहिले. तेथील रीत त्यांना मानवली नाही आणि पुढच्याच वर्षी ते परतले. मराठीत हा संबंध अधिक जिव्हाळ्याचा ठरला. वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला 'छाया' १९३६ मध्ये मास्टर विनायकांनी पडद्यावर आणला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ मध्ये प्रभातचा 'कुंकू' निघाला. आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा चित्रपट १९५३ मध्ये केला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास लाभले. ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ' लिहिला तो १९५७ चा. म्हणजे लेखकाने आणि वाचकानेही चित्रपटगृहाची वाट केव्हाच धरली होती. मागे राहिले ते विद्यापीठ.

यात विद्यापीठांनी चित्रपटाशीच काही विशेष वैर धरले, असे मात्र नव्हे. देशी भाषांनासुद्धा त्यांनी उंबरठ्यावर बराच काळ तिष्ठत ठेवले होते. कलकत्ता विद्यापीठात बंगालीसारख्या भारतीय भाषांत एम. ए. होण्याची सोय १९१९ मध्ये, सर आशुतोष मुखर्जी यांच्या खटपटीने झाली. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा ६२ वर्षे लोटली होती. त्याच शहरातील जादवपूर विद्यापीठात १९५६ मध्ये बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग उघडला. एका भाषेचे साहित्य दुसऱ्या भाषेच्या साहित्याशेजारी ठेवून वाचण्याची शिस्त तेथे रुजली. पुढे १९९३ मध्ये त्याच विद्यापीठात चित्रपटाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. तौलनिक दृष्टी आधी आणि चित्रपट नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन भाषांची तुलना करावयास शिकलेल्या मनाला शब्द आणि चित्र यांची तुलना करणे अवघड जात नाही.

पुण्यात याच विचाराला दुसऱ्या बाजूने चालना मिळाली. प्रभातच्या ज्या आवारात 'कुंकू' तयार झाला, त्याच आवारात १९६० मध्ये सरकारची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच स्थापन झाले. आग्र्यास अर्थशास्त्र शिकवणारे आणि तेथे फिल्म सोसायटी चालवणारे सतीश बहादूर त्या दशकात पुण्यास आले आणि चित्रपटाचा आस्वाद हा विषय त्यांनी वर्षानुवर्षे शिकवला. एखाद्या काव्याची ओळ न् ओळ उलगडावी, तसा ते चित्रपटातला प्रसंग उलगडून दाखवीत. श्यामला वनारसे यांच्यासमवेत त्यांनी केलेला सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा अभ्यास ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. चित्रपटही वाचता येतो, हे त्यातून पुष्कळांच्या प्रत्ययास आले.

चित्रपट वाचता येतो हे एकदा मान्य केले, म्हणजे मग तो साहित्याच्या सोबत का वाचावा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अपू चित्रत्रयीतील पहिलाच चित्रपट, 'पथेर पांचाली', घ्यावा. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ही कादंबरी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. तिची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती १९४० च्या दशकात निघाली, तेव्हा तिच्यातील चित्रे राय यांनी काढली होती. चित्रपट पुरा झाला १९५५ मध्ये. म्हणजे दिग्दर्शकाने ही कादंबरी प्रथम चित्रकाराच्या दृष्टीने वाचली होती.

कादंबरीत अपू आणि दुर्गा ही भावंडे एकदा रेल्वेचा रस्ता शोधत रानोमाळ भटकतात आणि तो न पाहताच घरी परततात. पुढे दुर्गा तापाने अंथरुणास खिळते, तेव्हा बरी झाल्यावर आगगाडी पाहावयास जाण्याची गोष्ट ती भावाजवळ काढते. ती बरी होत नाही. आईवडिलांसह गाव सोडताना अपू गाडीत बसतो; दुर्गेने मात्र आगगाडी कधीच पाहिलेली नसते. वाचकाचा जीव गलबलतो तो या 'कधीच नाही'ने.

चित्रपटात हा प्रसंग निराळा आहे. पांढऱ्या काशतुऱ्यांच्या रानात दोघे भावंडे हिंडत असतात. दुरून गाडीचा आवाज येतो. दोघेही धावत सुटतात. दुर्गा अडखळून पडते आणि मागे राहते. अपू पुढे धावतो आणि धडधडत जाणारी गाडी त्याच्यासमोरून निघून जाते. गाव सोडण्याची वेळ येते तेव्हा चित्रपटातले कुटुंब आगगाडीत दिसत नाही, ते बैलगाडीत बसलेले दिसते, आणि चित्रपट तेथेच संपतो.

राय यांनी हा बदल का केला असावा, हा साहित्याच्या वर्गातील प्रश्न आहे. भाषेजवळ 'नाही' हा शब्द आहे. तिने गाडी पाहिली नाही, असे लेखक एका वाक्यात सांगतो आणि न घडलेली गोष्ट घडलेल्या गोष्टीइतकीच ठसठशीत होते. छायाचित्राजवळ हा शब्द नाही. कॅमेऱ्यापुढे जे आहे तेच उमटते. जे नाही त्याचे चित्र घेता येत नाही. न पाहिलेली गाडी दाखवायची कशी? राय यांनी गाडी आणली, तिचा आवाज ऐकवला आणि दुर्गेला धावता धावता पाडले. 'नाही' हे क्रियापद त्यांनी एका अडखळलेल्या पावलात शोधले. हे ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानी आले, त्याला चित्रपटाच्या कलेचे मर्म तर कळलेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की 'नाही' या दोन अक्षरांत केवढे सामर्थ्य भरलेले आहे, तेही त्याला बहुधा प्रथमच जाणवले.

याच चित्रपटात दुसरा प्रसंग आहे. दुर्गेवर चोरीचा आळ आलेला असतो. तिच्या मृत्यूनंतर अपूला तिने लपवून ठेवलेली माळ सापडते. तो ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर फाकते आणि हळूहळू पुन्हा मिटते. कादंबरीत वस्तू वेगळी आहे आणि ती बांबूच्या दाट बनात फेकली जाते. बन आणि तळे यांत कथानकाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. गुपित दोन्हीकडे लपते. पण बनात पडलेली वस्तू नुसती दिसेनाशी होते, तर तळ्यावरचे शेवाळ मिटताना दिसते. कादंबरीकाराला अपूच्या मनातले निवेदनातून सांगता येते; दिग्दर्शकाला त्या मनाची हालचाल पाण्यावर दाखवावी लागली. अशा एका बदलावर तासभर चर्चा व्हावी आणि निर्णय न होताच तास संपावा, इतका तो अर्थपूर्ण आहे.

मराठीच्या अध्यापकाला अशी उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शाळेच्या व्याकरणात रीतिभूतकाळ शिकवतात: 'आई पहाटे उठे', 'वडील सांजेला परत येत'. विद्यार्थी त्याची रूपे पाठ करतो आणि विसरतो. 'श्यामची आई' हे पुस्तक म्हणजे प्रौढ श्यामने आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणी आहेत. प्रकरणांना नावेच मुळी 'रात्र' अशी आहेत. अशा स्मरणात आईचे पुष्कळसे वागणे 'ती असे करी, ती असे म्हणे' या रूपाने येते आणि त्या एका क्रियापदात कितीतरी वर्षांची पुनरावृत्ती सामावते. पडद्याला हा काळ ठाऊक नाही. तेथे आई उठते ती एका विशिष्ट पहाटे, एका विशिष्ट अंगणात. चित्रपटातली आई आठवलेली नसते. ती समोर उभी असते. म्हणून ती अधिक जवळची वाटते आणि म्हणूनच तिच्याभोवतीचे आठवणीचे धुके थोडे विरते. एका कलेचा लाभ आणि दुसरीची हानी एकाच ठिकाणी कशी असते, हे समजावून सांगण्यास याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

दुसऱ्या बाजूस, शब्दांना जे साधत नाही तेही 'कुंकू'सारख्या चित्रपटात ऐकू येते. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची ही कथा. दिग्दर्शक शांताराम यांनी तिच्यात पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाही. प्रसंगातून निघणारे आवाजच तेवढे ठेवले. घरातले जुने घड्याळ त्या वृद्ध नवऱ्याच्या आयुष्याशी इतके एकरूप झालेले आहे, की त्याच्या टिकटिकीने सारा वाडा भारून जातो. घड्याळाची टिकटिक कादंबरीकार एकदा लिहील, दोनदा लिहील. तिसऱ्यांदा लिहिली तर वाचक कंटाळेल. चित्रपटात ती अखंड चालू राहू शकते आणि तरीही तिकडे लक्ष वेधावे लागत नाही. 'पथेर पांचाली'मध्ये दुर्गेच्या मृत्यूची वार्ता न कळलेला बाप तिच्यासाठी आणलेले लुगडे पुढे करतो, तेव्हा आईचा आक्रोश ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाईचा स्वर उठतो. तेथे लेखणी थांबते आणि दुसरी कला बोलू लागते.

अशा अभ्यासाचा आवाका केवळ रचनेपुरता राहत नाही. तो इतिहासातही शिरतो. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही १९२४ ची कथा आणि राय यांनी तिच्यावरून १९७७ मध्ये केलेला चित्रपट शेजारी ठेवले, म्हणजे हे स्पष्ट होते. लखनौचे दोन जहागीरदार अवधचे राज्य बुडत असता बुद्धिबळात दंग आहेत. कथेच्या शेवटी ते खेळावरून तलवारी उपसतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. चित्रपटात पिस्तूल झाडले जाते, पण दोघेही वाचतात आणि पुन्हा पट मांडतात. मात्र आता डाव इंग्रजी रीतीने खेळावयाचा ठरतो आणि त्यात वजिराच्या जागी राणी असते. शिवाय कथेत पार्श्वभूमीला असलेला नबाब वाजिद अली शाह आणि त्याच्याकडून राज्य काढून घेणारा रेसिडेंट जनरल औट्रम हे चित्रपटात पुढे येतात.

दोन्ही शेवटांत अधिक कठोर कोणता? राजासाठी न उपसलेली तलवार खोट्या राजासाठी उपसून मरणारे खेळाडू, की जिवंत राहून जेत्याचे नियम निमूटपणे पत्करणारे खेळाडू? इंग्रजी राज्यात जगणाऱ्या लेखकाने एक शेवट लिहिला, स्वतंत्र भारतातल्या दिग्दर्शकाने दुसरा चित्रित केला. या कालभेदाचा शेवटाशी काही संबंध असेल काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी विद्यार्थ्याला १८५६ मध्ये अवध खालसा झाले त्याचा इतिहास चाळावा लागतो. चित्रपटाने कथेशी इमान राखले काय, एवढेच विचारणाऱ्या परीक्षकाला यातले काहीच हाती लागत नाही. त्याच्या दृष्टीने शेवट बदलला म्हणजे चूक झाली आणि गुण वजा झाले.

शरच्चंद्रांच्या 'देवदास'वरून तर एकामागून एक चित्रपट निघाले. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी यांची गाठ पडत नाही. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात त्या रस्त्यात समोरासमोर येतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने जातात. संजय लीला भन्साळी यांच्या २००२ च्या चित्रपटात त्या भेटतात, बोलतात, एकत्र नाचतात. एकाच कादंबरीचे हे निरनिराळे वाचन आहे. प्रत्येक पिढीने त्या दोन स्त्रियांमध्ये किती अंतर असावे असे मानले, याची ती एक नोंदच म्हणता येईल.

येथवरचे विवेचन आशादायक वाटेल. परंतु या सहअभ्यासाला एक मोठा धोका आहे, आणि तो बाहेरून येत नाही, वर्गातच जन्मतो. आज चित्रपट हातातल्या फोनवर पाहता येतो, हवा तेथे थांबवता येतो, मागे नेता येतो. सतीश बहादूर यांच्या विद्यार्थ्यांना अंधाऱ्या खोलीत प्रक्षेपकाच्या सोयीने जे पाहावे लागे, ते आता कोणालाही कोठेही शक्य आहे. अभ्यासाला याहून अनुकूल काळ आला नव्हता. पण याच सोयीमुळे चारशे पृष्ठांची कादंबरी वाचण्याऐवजी दोन तासांचा चित्रपट पाहून उत्तरपत्रिका लिहिण्याचा मोहही वाढला आहे. चित्रपट पुस्तकाच्या सोबतीला म्हणून वर्गात येतो आणि पाहता पाहता त्याची जागा घेतो. असे झाले, तर तुलना उरतच नाही. तुलनेला दोन वस्तू लागतात.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मराठी घरांत वाढलेल्या पुष्कळ मुलांना घरची मराठी बोलता येते, पण मराठी पुस्तक सलग वाचताना अडखळायला होते. त्यांच्यासाठी मराठी चित्रपट हा साहित्याकडे नेणारा दरवाजा होऊ शकतो. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा रचली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' हा चित्रपट केला. अशा विद्यार्थ्याने तो आधी पाहिला तर बिघडत नाही. दोन कादंबऱ्यांतले नेमके काय एका चित्रपटात मावले आणि काय बाहेर राहिले, एवढा एक प्रश्न त्याच्यापुढे ठेवला, की त्याला पुस्तक उघडावेच लागते. पण प्रश्न न विचारता चित्रपट नुसता दाखवला, तर तोच दरवाजा त्याच्यामागे बंद होतो. मराठी कानावर पडल्याचे समाधान त्याला मिळते आणि पुस्तक फळीवरच राहते.

म्हणून अध्यापनाची रीत फार महत्त्वाची. संपूर्ण कादंबरी आणि संपूर्ण चित्रपट यांची ढोबळ तुलना करण्याऐवजी कादंबरीतली दहा पाने आणि चित्रपटातली दहा मिनिटे घ्यावीत. पाने आधी मोठ्याने वाचावीत. मग प्रसंग एकदा न थांबवता पाहावा, दुसऱ्यांदा थांबवत पाहावा, आणि पुन्हा पानांकडे वळावे. या दुसऱ्या वाचनातच खरा लाभ असतो. पहिल्या वेळी डोळ्यांखालून निसटलेली क्रियापदे, विशेषणे आणि मौने आता दिसू लागतात. परीक्षेत कथानकाचा सारांश विचारू नये, कारण तो चित्रपटावरूनही लिहिता येतो. एक उतारा आणि एक प्रसंग यांतील भेद विचारावा. तो दोन्ही पाहिल्यावाचून लिहिता येत नाही.

या अभ्यासाचा आणखी एक हिशेब आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये निघाला आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याच्या आधीच्या मूकपटांपैकीही फार थोडे शिल्लक आहेत. जुनी पोथी कोणी मागितली नाही तर कसर लागते. जुन्या फिल्मची गत याहून वेगळी नाही. साहित्याच्या वर्गांनी चित्रपट अभ्यासासाठी मागितले, तर ते शोधण्याची, जपण्याची आणि नव्याने उतरवून घेण्याची निकड निर्माण होते. विद्यापीठांनी हस्तलिखितांसाठी जे केले, ते चित्रपटांसाठी करण्यास अद्याप पुष्कळ वाव आहे.

चित्रपटगृहातून बाहेर पडताना उच्चारले जाणारे ते वाक्य कोणी बोलू नये, असा याचा अर्थ नाही. पुस्तकाची सर याला नाही, असे विद्यार्थ्याने खुशाल म्हणावे. मात्र त्याने पुस्तक वाचलेले असावे, चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिलेला असावा, आणि कोणत्या पानाची सर कोणत्या प्रसंगाला नाही, हे त्याला बोट ठेवून दाखवता यावे. दुर्गा अडखळली त्या ठिकाणी त्याने थांबावे आणि विभूतिभूषणांनी तेथे काय लिहिले होते, ते पान पुन्हा काढावे. एवढे एक वळण लागले, तरी साहित्याच्या वर्गात चित्रपट आल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.